टाळेबंदीचा ताळेबंद

‘टाळेबंदी’ हा शब्द आमच्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्याला तसा जुना ओळखीचा. वागळे इस्टेटीतल्या किंवा डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.तल्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाला मालकाने कुलूप ठोकले, की संध्याकाळपर्यंत ती बातमी चाळीत पोचे आणि वाणी, दूधवाला व शाळेची फी असे तिघेजण एकदमच घरातल्या बाईच्या डोळ्यांपुढे उभे राहत. कामगाराच्या दुःखातून रुळलेला हा शब्द २०२० सालच्या मार्च महिन्यात एकाएकी साऱ्या देशाचा झाला. फाटकावरचे कुलूप घराच्या दाराला आले. आणि ते लावणारा या खेपेस मालक नव्हता, सरकार होते.

ते कुलूप हिताचे ठरले की अहिताचे, हा वाद अजून मिटलेला नाही. सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अंग चोरून बसलेली माणसे तो घालतात, लग्नाच्या पंगतीत जिलबीची वाट पाहताना तो निघतो, आणि दिवाळीच्या फराळाला चार नातलग जमले की हमखास निघतोच. एक पक्ष म्हणतो, “दारे लावली म्हणून आपण आज चकली खायला जिवंत आहोत.” दुसरा म्हणतो, “रोगाने मारले त्याहून अधिक माणसे पोटाने मारली.” दोघेही तळमळीने बोलतात, कारण दोघांच्याही घरी काहीतरी घडलेले असते.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण वर्गात एक गोष्ट शिकलो आहे. दोन मुले भांडत आली, की ‘कोण चुकले’ हे शेवटी विचारावे. आधी ‘काय काय झाले’ ते क्रमाने वदवून घ्यावे. या वादाचीही तीच रीत मला बरी वाटते. आणि क्रम लावायचा तर तो २०२० पासून लावून भागत नाही. सव्वाशे वर्षे मागे, याच रेल्वेमार्गावर, याच कल्याण स्टेशनात जावे लागते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगास यांनी एका रोग्याची गाठ तपासली आणि हा प्लेग आहे असे निदान केले. दिवाळी तेव्हा सहा आठवड्यांवर आली होती. धान्याच्या वखारी, त्यांत पोसलेले उंदीर, एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे आणि उजेडाचे वावडे असलेल्या चाळी, अशी ती मांडवी. रोग तिथून डोंगरीकडे, भायखळ्याकडे, गिरणगावाकडे सरकू लागला. व्हिएगास यांचे निदान मान्य करायलाही काही शहाणे लोक प्रथम तयार नव्हते. कारण प्लेग म्हटला की बंदर आले, आणि बंदर म्हटले की व्यापार आला.

व्यापाराचा हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. युरोपातील राष्ट्रांनी मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहण्यास आरंभ केला होता. १८९७ च्या फेब्रुवारीत व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, ती मुख्यतः या प्लेगासाठीच. योगायोग असा, की रोगाच्या भयाने जहाजांना चाळीस दिवस दूर ठेवण्याची रीत ज्या शहराच्या नावाशी जोडली जाते तेही व्हेनिसच. ‘क्वारंटाइन’ या शब्दाच्या पोटात तो ‘चाळीस’चा आकडाच दडलेला आहे. हिंदुस्थानचा माल कोणी बंदरात घेईना अशी वेळ आली असती तर लंडनच्या पेढ्या हादरल्या असत्या. म्हणून सरकारने हालचाल केली ती विजेच्या वेगाने. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पहिल्यात नाव-गाव, दुसऱ्यात सरकारला वाटेल ते नियम करण्याचा अधिकार, तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला शिक्षा आणि चौथ्यात नियम राबवणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. ज्याचे दार फोडायचे त्या माणसाविषयी चारही कलमांत एक अक्षर नाही.

मुंबईने मात्र कायद्याची वाट पाहिली नव्हती. माणसे आपल्या पायांनी निघाली होती. १८९१ च्या खानेसुमारीत सव्वाआठ लाखांची असलेली ती नगरी १८९७ च्या आरंभी जवळजवळ अर्धी रिकामी झाली. कोकणातले गडी बोटींनी आणि पायी गेले. घाटावरचे गिरणीकामगार रेल्वेने निघाले. आणि रेल्वेने घाटावर जायचे म्हणजे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याण गाठण्यावाचून गत्यंतर नाही. १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आलेल्या या लोहमार्गाला कल्याणला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्यावरून थळघाट चढून नाशिककडे जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे. पळणाऱ्या मुंबईला गाळण लावायची तर कल्याणसारखी जागा नाही, हे सरकारनेही ओळखले.

गाडी थांबे. शिपाई डबे उघडत. उतारूंच्या रांगा लागत, आणि डॉक्टर एकेकाची नाडी, जीभ, डोळे पाहून काखेत आणि जांघेत गाठ चाचपून बघे. ताप असेल, चेहरा ओढलेला असेल, नुसती चाल अडखळती असेल, तरी त्याला बाजूला काढून छावणीत धाडीत. त्याच्या गाठोड्याला वाफ किंवा औषधी पाणी मिळे. परक्या पुरुषाने फलाटावर सर्वांदेखत बायकांच्या अंगाला हात लावायचा, ही गोष्ट त्या काळच्या माणसाला मरणाहून लाजिरवाणी वाटे. पुढे पुढे स्त्री-डॉक्टर आणि पडदे आले. पण आधीची आठवण पडद्याने झाकली गेली नाही. रोगी पकडला जावा म्हणून ही तपासणी होती. तिच्यामुळे रोगी लपू लागले, आडवाटेने जाऊ लागले, आणि गाडीत प्रेताला झोपलेला माणूस भासवण्याच्या गोष्टी लोकांच्या तोंडी आल्या.

मुंबईत त्याआधीच ठिणगी पडली होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, त्याला तिथे मारून त्याच्या अंगातून काही काढून घेतात, अशी वदंता होती. वदंता खोटी, पण ‘परत येत नाही’ हे निरीक्षण खोटे नव्हते. आप्तांना भेटू न देता नेलेला रोगी बहुधा मरूनच बाहेर येई. डोळ्यांआड घडणाऱ्या गोष्टीला अफवेची पालवी फुटते ती अशी.

मार्च १८९७ मध्ये मुंबईत जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी आली आणि पुण्याला वॉल्टर चार्ल्स रँड याची नेमणूक झाली. पुण्याची हकिगत मराठी वाचकाला सांगायला नको. तरी दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगाने वारल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या हडपसरच्या माळावरील आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात गेल्या होत्या. तिथेच रोगाने त्यांना गाठले. आणि १३ मार्चला रँडच्या गोऱ्या सोजिरांनी पुण्यातील घरांची झडती सुरू केली. तीन दिवसांचे अंतर. रोग्याला घरातून उचलून वेगळे ठेवायचे, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी तीच. पण एकीकडे पाठीवर घेऊन नेले आणि दुसरीकडे संगिनी घेऊन.

सोजिरांनी देवघरात बूट घातले, सामान रस्त्यावर फेकले, धडधाकट माणसांना रोगी म्हणून हलवले, अशा तक्रारी झाल्या. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी वर्तमानपत्रातून आवाज उठवला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. त्यांनी तिथे हे गाऱ्हाणे मांडले आणि परतल्यावर नावानिशी पुरावा देणारे कोणी पुढे येईना म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्या बाईवर प्रसंग गुदरला तिने चारचौघांत येऊन साक्ष द्यावी, अशी अपेक्षा करणारे सरकार आणि अब्रूच्या भयाने मुकी झालेली घरे, यांच्यात गोखले सापडले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचे फाशी, तुरुंगवास आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला हे सर्वांना ठाऊक आहे.

टिळकांविषयी एक गोष्ट मात्र बहुधा सांगायची राहते. रोग्याला वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाला त्यांचा विरोध नव्हता. शहरातले पुढारी पळून गेले तेव्हा ते पुण्यात राहिले आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेग-रुग्णालय काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांचा राग होता तो रीतीवर. आजच्या वादात आपण माणसांना चटकन ‘बंदीवाले’ आणि ‘बंदीविरोधी’ असे दोन फळ्यांवर लिहून टाकतो. टिळकांना कोणत्या फळ्यावर लिहाल?

आता या सर्व जबरदस्तीने रोग हटला का, ते पाहू. हटला नाही. प्लेग पुण्याहून सातारा, बेळगाव, धारवाडकडे गेला, उत्तरेत पंजाबात गेला. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगाने मेली आणि पहिल्या तीन दशकांचा हिशेब एक कोटीच्या वर जातो. एवढ्या झडत्या, एवढे कार्बोलिक, एवढ्या छावण्या. मग हे असे का?

कारण रोग कसा पसरतो तेच ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू येरसँ याने १८९४ साली हाँगकाँगला शोधला होता खरा. पण तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो याविषयी अंधार होता. घाण, दूषित हवा, जमिनीतले विष, धान्य, कपडे, असे नाना तर्क चालत. म्हणून फरश्या खणल्या, कौले काढून घरात ऊन पाडले, भिंतींना चुना फासला, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरे रंगवली, गटारांत समुद्राचे पाणी आणि औषध ओतले. गटारात औषध पडले की उंदीर काय करील? तो शेजारच्या घरात जाईल. २ जून १८९८ रोजी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोगाने दाखवून दिले, की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू रोग पुढे नेते. शहाण्यांनी तेही प्रथम हसण्यावारी नेले. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या संशोधनाने ते पक्के केले, तोवर किती वर्षे गेली पाहा. म्हणजे कल्याणच्या फलाटावर ज्याच्या काखेत गाठ शोधत होते तो माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याला धोक्याचा नव्हताच. फुप्फुसाच्या प्लेगाची गोष्ट वेगळी. तो खोकल्यातून पसरतो. पण इथल्या साथीत तो थोडा होता. धोक्याची पिसू धान्याच्या पोत्यातून आणि कपड्यांच्या गाठोड्यातून बिनतपासणीची घाट चढत होती.

गंमत अशी, की खेड्यातल्या माणसाला अर्धे उत्तर ठाऊक होते. ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द ऐकले की आपल्याकडची गावेच्या गावे उठून रानात झोपड्या बांधून राहत. दोन-तीन महिने देव, दुभती गाय, चूल आणि म्हातारीकोतारी यांसह संसार शेतात. रोग ओसरला की परत. पिसवांचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते. पण मेलेला उंदीर आणि मरणारा माणूस यांचे नाते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनलाही असे गाव मोकळे करणे हाच सर्वांत गुणकारी उपाय आढळला. तेव्हा ‘बंदी’ ही गोष्ट सरसकट वाईट असे म्हणता येत नाही. एक बंदी माणसांना रोगाजवळ कोंडणारी होती, आणि दुसरी, जी लोकांनी स्वतःहून पत्करली, ती रोगापासून दूर नेणारी होती.

सरकारही हळूहळू शिकले. गेटेकर यांच्यानंतर मुंबईच्या प्लेग कमिटीवर सर जेम्स कॅम्पबेल आले. ठाणे जिल्ह्याचे जाडजूड गॅझेटियर ज्यांच्या संपादनाखाली १८८२ साली निघाले तेच हे कॅम्पबेल. त्यांच्याही कारकीर्दीत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात दंगल झालीच. विणकरांच्या घरातली एक आजारी मुलगी पथकाने नेऊ पाहिली, घरच्यांनी दार अडवले, आणि संध्याकाळपर्यंत गोळीबारापर्यंत मजल गेली. त्यानंतर मात्र सरकारने हात आखडता घेतला. सक्ती सैल झाली. प्रेत तपासण्याचा हट्ट कमी झाला. प्रत्येक समाजाला स्वतःची रुग्णालये चालवू दिली. आपल्या जातीचा स्वयंपाकी, आपल्या भाषेतला वैद्य आणि दाराशी बसलेली आई, एवढे मिळाल्यावर ज्या लोकांनी रुग्णालयावर दगड मारले होते तेच रोगी घेऊन येऊ लागले. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आगाखानांनी लोकांदेखत टोचून घेतली. हुकमाला भ्यालेले लोक उदाहरणाला भ्याले नाहीत.

इतके मागे जाऊन आल्यावर आता २०२० कडे यावे.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने साथरोग प्रतिबंधासाठी जो कायदा लागू केला तो तोच, १८९७ चा, चार कलमांचा. २४ मार्चला रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी सुरू झाली; तिच्यासाठी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदाही हाताशी होता. लोकल त्याआधीच, २३ मार्चपासून थांबली होती. १८५३ पासून धावणाऱ्या या मार्गावर इतकी शांतता पसरलेली आमच्या पिढीने पाहिली नव्हती. डोंबिवलीत पहाटे चारपासून जो धडधडाट उशाशी असतो तो बंद झाल्यावर म्हाताऱ्यांना झोप येईना, असे मी स्वतः ऐकले आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडतो, कारण ते खरे आहे. कोविड हा प्लेग नव्हे. तो पिसवेने नव्हे, तर माणसाच्या श्वासाने पसरतो, आणि ते शास्त्राला काही आठवड्यांतच ओळखता आले होते. अशा रोगात अंतर राखणे हा खुळा उपाय नाही; तो नेमका उपाय आहे. मार्चअखेर आमच्या भागात ना पुरेशा खाटा होत्या, ना प्राणवायू, ना डॉक्टरांना अंगभर पोशाख. टाळेबंदीने रोग मारला नाही, पण वेळ मिळवून दिला. त्या वेळात ठाण्याला बाळकुम येथे हजार खाटांचे रुग्णालय उभे राहिले, डोंबिवलीचे क्रीडासंकुल उपचारकेंद्र झाले. न्यूझीलंडसारख्या बेटाने दारे घट्ट लावून आपली माणसे वाचवली, हे जगाने पाहिले.

आता दुसऱ्या पक्षाचे. वेळ मिळाला खरा, पण त्याची किंमत कोणी मोजली? चार तासांची मुदत ज्याच्या घरात महिन्याचे धान्य आहे त्याला पुरते. रोजंदारीवर जगणाऱ्याला पुरत नाही. मुंबई-नाशिक महामार्गावरून, माणकोली, पडघा, शहापूर, कसारा या वाटेने माणसांच्या रांगा चालत गेल्या. १८९७ मध्ये जे मुंबईतून पळाले ते रोगाच्या भयाने. २०२० मध्ये जे निघाले ते भुकेच्या भयाने. भिवंडीचे माग थांबले. मदनपुऱ्यातल्या विणकरांप्रमाणेच उत्तरेकडून आलेल्या या मागवाल्यांना मे महिन्याच्या आरंभी गोरखपूरची गाडी मिळाली. तोवर कित्येक जण सायकलीवर निघून गेले होते. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यांना कोणत्या आकड्यात धरायचे, रोगाच्या की उपायाच्या?

न दिसणारे नुकसान वेगळेच. क्षयाचे नवे रुग्ण सरकारदरबारी २०१९ साली २४ लाख नोंदले गेले होते. २०२० साली १८ लाख. क्षय कमी झाला नव्हता. खोकणारा माणूस दवाखान्यापर्यंत पोचला नव्हता. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानाने जवळजवळ चतुर्थांशाने खाली आले.

आणि शाळा. इथे मी तटस्थ राहू शकत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे. शहरांतले आठवीपासूनचे वर्ग रीतसर उघडायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला, आणि लहानग्यांचे त्याहून उशिरा. मधले दीड वर्ष मी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शिकवले. तीन भावंडांत एक फोन, आणि तोही बाप रिक्षा घेऊन गेला की घरात नाही, अशी मुले माझ्या हजेरीपटावर होती. पडद्यावर आधी त्यांचे तोंड दिसेनासे झाले, मग नाव. शाळा उघडल्यावर एक मुलगा परत आला तो मिशी फुटलेला आणि गॅरेजमध्ये काळे झालेले हात घेऊन. पुस्तक उलटे धरले नाही एवढेच. देशभरच्या ग्रामीण शाळांच्या ‘असर’ पाहणीत तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ साली २७ होती, ती २०२२ साली साडेवीसवर आली. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा बंद केल्या नाहीत आणि तरी त्या देशाचा काही विध्वंस झाला नाही, याचे उत्तर पहिल्या पक्षाने दिले पाहिजे. स्वीडन विरळ वस्तीचा, श्रीमंत देश आहे, हे खरे. पण आपल्याकडेही हॉटेले उघडली त्यानंतर कितीतरी महिन्यांनी शाळा उघडल्या, याला वस्तीची दाटी हे कारण होऊ शकत नाही.

लोकलचेही तेच. सर्वसामान्यांना ती पुन्हा मिळाली १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांत, आणि एप्रिलमध्ये पुन्हा गेली. कचेऱ्या मात्र कधीच उघडल्या होत्या. डोंबिवलीचा माणूस शिळफाट्याच्या कोंडीत बसून, तीन-चार तास बसमध्ये एकमेकांच्या श्वासात श्वास घालून कामावर जात होता. रोग टाळण्यासाठी गाडी बंद, आणि गाडी बंद म्हणून रोगाला गर्दी आयती. जुलै २०२० मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही ठिकाणी २ ते १९ तारखांपर्यंत पुन्हा कडक टाळेबंदी झाली. तिच्या आदल्या दिवशी भाजीबाजारात जी झुंबड उडाली ती पाहून गटारात औषध ओतून उंदरांना शेजारी पाठवणाऱ्या कमिटीची आठवण झाली.

पण याच आमच्या गावांनी दुसरी रीतही दाखवली. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेने खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले. ज्या डॉक्टरांकडे लोक वर्षानुवर्षे जात होते तेच तापाच्या दवाखान्यांत बसले. स्मार्ट शहरांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कोविडकाळातील नव्या प्रयोगासाठीचा मान २०२१ साली कल्याण-डोंबिवली आणि वाराणसी यांना विभागून मिळाला. धारावीतही घरोघर तपासणीला स्थानिक डॉक्टर लागले तेव्हा दारे उघडली. १८९८ नंतरच्या मुंबईत आपापल्या समाजाच्या रुग्णालयांनी जे साधले तेच हे. ओळखीचा हात गाठ चाचपतो तेव्हा माणूस काख उघडतो.

मग ताळेबंद काय निघतो? माझ्यापुरता मी असा मांडतो. पहिल्या काही आठवड्यांची टाळेबंदी जमेच्या बाजूला. तिच्यावाचून आमच्या दवाखान्यांचे काय झाले असते याची कल्पना २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये प्राणवायूसाठी धावणाऱ्यांना आहे. चार तासांची मुदत खर्चाच्या बाजूला. पायी गेलेले मजूर खर्चाच्या. शाळांचे पहिले काही महिने समजण्यासारखे, नंतरचे वर्ष निखालस खर्चाचे. जुलैमधली दुसरी टाळेबंदी, रोग घरोघर पोचल्यावर आलेली, तीही मी खर्चातच धरतो. माझे काही डॉक्टर स्नेही धरीत नाहीत, आणि त्यांनी रुग्णांच्या रांगा पाहिल्या असल्यामुळे त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. हा हिशेब एका बेरजेत बसत नाही. ‘टाळेबंदी चांगली की वाईट’ असे विचारणे म्हणजे ‘औषध चांगले की वाईट’ असे विचारण्यासारखे आहे. कोणते, कोणाला, किती दिवस, आणि पोटात अन्न असताना की नसताना, हे विचारल्याखेरीज वैद्य उत्तर देणार नाही.

हा वाद नुसता फराळाच्या ताटावरचा नाही, म्हणून एवढे लिहिले. १८९७ चा कायदा पुरेसा नाही, त्याला आमूलाग्र दुरुस्ती हवी, असे विधी आयोगाने २०२४ सालच्या आपल्या २८६ व्या अहवालात सांगितले आहे. २०२० मध्ये त्यात भर पडली ती आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षेची. ती योग्यच होती. पण दार बंद करण्याआधी किती मुदत द्यायची, रोजंदारीच्या माणसाला त्याच दिवसापासून धान्य आणि पैसा कोणी द्यायचा, शाळा सर्वांत शेवटी बंद करून सर्वांत आधी उघडायच्या की नाही, आणि लावलेले कुलूप किती दिवसांनी कोणाला जाब देऊन काढायचे, हे कायद्यात लिहिलेले असले पाहिजे. साथ आल्यावर ते लिहायला सवड मिळत नाही. १८९७ मध्ये मिळाली नाही, २०२० मध्येही नाही. आज साथ नाही. गाड्या चालू आहेत, वर्ग भरतात, बाजारात आकाशकंदील लागले आहेत. कायद्याचा मसुदा लिहायचा तर याहून निवांत वेळ कोणती, ते या दिवाळीत आपल्या आमदार-खासदारांना जरूर विचारावे.